बाईंशी करारनामा करायचा म्हणे!

कढीलिंब

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी तीन पानी मसुदा टाकला. 'घरकामगार सेवा करारनामा'. कलमं 14. पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. कपबशी फुटली तर भरपाई. न सांगता काम सोडलं तर पंधरा दिवसांचे पैसे जप्त. वर मल्लिनाथी: 'मराठी माणसाला लिहून घ्यायची लाज वाटते, म्हणून तो जन्मभर फसतो. शब्दाला काही अर्थ नसतो, कागदाला असतो.' खाली 25 अंगठे. तिथे उत्तर दिलं असतं तर यंदा गणपतीत आरतीचं ताट हातात आलं नसतं, म्हणून इथे फोरमवर धागा काढून लिहितेय.

ती 14 कलमं मी दोनदा वाचली. पगार कुठल्या तारखेला द्यायचा, हे एकाही कलमात नाही. सुट्टी हा शब्दच नाही. आपण दहा दिवस कोकणात जाऊन आलो तर तिचे तेवढ्या दिवसांचे पैसे द्यायचे की नाही, त्यावर अळीमिळी गुपचिळी. याला करार म्हणतात? ही तर शाळेची नियमावली झाली.

आमच्याकडे मावशी अकरा वर्षं येताहेत. पहिल्या दिवशी चपला काढायच्या आधी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, 'केर-फरशी आणि भांडी. कपडे नाही करणार. पाहुणे असले तर आदल्या दिवशी सांगायचं. महिन्याला दोन सुट्ट्या, विचारून नाही, सांगून. दिवाळीला एक पगार.' मी 'बरं' म्हटलं. झाला करार. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये त्यांना येता आलं नाही, तरी पैसे पोचते केले. सुनेच्या बाळंतपणात त्यांनी महिनाभर नणंदेला बदली पाठवलं. ओट्याचं फडकं कुठल्या खिळ्याला असतं तेसुद्धा तिला पढवून पाठवलं होतं. हे कुठल्या कलमात बसवाल?

आणि लिहून घ्यायची लाज म्हणे! आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नसे. जत्रेसाठी तमाशा ठरवायला गावकारभारी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जातात, त्यालाही सुपारी देणंच म्हणतात. मुंबईतल्या टोळ्यांनी तो शब्द पळवला, त्याला कोण काय करणार.

काळा कोट

मावशींचं कौतुक आहेच, पण तुम्ही दोघंही चूक. सद्गृहस्थ जास्त.

करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 10 ला कागद लागत नाही. सज्ञान माणसं, राजीखुशी, मोबदला आणि हेतू कायदेशीर, एवढं जमलं की तोंडी करारही करारच. दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी मागितला असेल तेवढाच अपवाद. मावशी दारात बोलल्या, तुम्ही 'बरं' म्हणालात, विषय संपला. पण उद्या त्या किंवा तुम्ही 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणालात तर दाखवणार काय? ओट्याचं फडकं? माझ्या घरची चूल निम्मी 'शब्द' दिलेल्या माणसांच्या भांडणावर पेटते, त्यामुळे मला तक्रार नाही म्हणा.

मुद्रांकाची भक्तीही पुरे. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 च्या जागी 500 चा आला तर लोकांना वाटतं, महाग झाला म्हणजे पक्का झाला. आणि सगळ्यात मोठी अंधश्रद्धा घरभाड्याच्या 11 महिन्यांच्या कराराची! 'वर्षाच्या आतलं नोंदवायला लागत नाही.' अहो, ते 1908 च्या नोंदणी कायद्यातल्या भाडेपट्ट्याचं. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 बघा. लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदलेलंच हवं. जबाबदारी घरमालकाची. नसेल नोंदवलं तर काय अटी ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, खोटं ठरेपर्यंत.

एकच फ्लॅट

'भाडेकरू सांगेल ते खरं.' वा! कायदा करणाऱ्यांनी कधी घर भाड्याने दिलेलं दिसत नाही.

मी नोंदणी केली, मुद्रांक शुल्क भरलं, पोलिसांकडे माहिती दिली. करारात स्वच्छ लिहिलं होतं की घर होतं तसं परत द्यावं. तीन मुलं होती, आयटीतली, चेहऱ्यावरून सोज्वळ. सोडून गेली तेव्हा हॉलच्या भिंतीला 41 भोकं. मी पेन्सिलीने गोल करून मोजलीत. डार्ट खेळायची. ओट्यामागची भिंत हळदीच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखी. रंगाचे 22,000 कापले तर त्यातल्या एकाच्या बापाने फोन करून मला 'लुटारू' म्हटलं. निवृत्तीचा सगळा पैसा त्या एका फ्लॅटमध्ये आहे हो माझा. कागद असूनही ही गत, आणि धागाकर्त्या म्हणतात 'बरं' म्हटलं की झालं!

पाचवं घर

काका, 41 भोकं मोजलीत, घर देताना आधीची मोजली होती का?

चार घरं बदलली. चारही वेळा रंगाचे पैसे कापले. शेवटच्या घरी 18,000. दोन महिन्यांनी बँकेचं पत्र तिथे गेलं म्हणून आणायला गेलो. नवीन भाडेकरूंनी चहा दिला. खिडकीखाली बघतो तर माझ्या मुलीने स्केचपेनने काढलेलं मांजर जिथल्या तिथे. मिशांसकट. ते 18,000 कुठल्या भिंतीला लागले? नव्या माणसाला म्हटलं, मांजराचा फोटो काढून ठेवा, जाताना तुमच्याकडूनही घेतील.

एकच फ्लॅट

सगळे मालक एका माळेचे मणी नसतात. आणि मुलीला भिंतीवर चित्रं काढू देता, त्याचं काय?

पाचवं घर

तीन वर्षांची होती. करारावर तिची सही घ्यायची राहिली.

गोदाकाठ

तुमचा रंग चालू द्या. मला कढीलिंबताईंशी बोलायचंय.

ताई, तुमच्या मावशी दारात उभ्या राहून अटी घालू शकल्या, कारण शेजारच्या चार घरांतून त्यांना बोलावणं होतं. आमच्याकडं अटी दुसराच घालायचा. 2009 साली दादांनी म्हणजे वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून 40 हजार उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली, बहिणीच्या लग्नासाठी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं; हिशेबात आईचं वेगळं नाव नाही. दसरा झाला की बैलगाडी, पत्रे, भांडी घेऊन निघायचं आणि कारखान्याच्या फडात खोपी टाकायच्या. तोंडीच होतं सगळं, तुमच्या सुपारीसारखं. एक दिवस आई तापाने पडली तर खाडा. खाड्याचा दंड किती, तर मुकादम म्हणेल तितका. मार्चअखेर हिशेब झाला तेव्हा पाच महिने ऊस तोडून आमच्याच अंगावर नऊ हजार फिरले. ते फेडायला पुढच्या हंगामाला परत तिथंच. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण 'शब्द दिला होता'.

उचलीपायी माणसाला दुसरीकडं काम करायची मोकळीक राहत नसेल तर कायदा त्याला वेठबिगारी म्हणतो, 1976 पासून. आमच्या तालुक्यात त्याला व्यवहार म्हणतात. तेव्हा तोंडी कराराच्या आरत्या ओवाळू नका. आणि सद्गृहस्थांनी नाचायचं कारण नाही. पुढं मुकादमानं कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतला, तो कागदच होता.

कढीलिंब

गोदाकाठ, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. 'कुठल्या कलमात बसवाल' हे वाक्य जरा जास्तच तोऱ्यात लिहिलं गेलं. बाकीचं मागे घेत नाही. तुमच्या मुकादमाला आणि आमच्या सद्गृहस्थांना मसुदा एकच माणूस करून देत असावा.

संत्र्याचं साल

मराठी माणूस लिहिलेलं तरी पाळते काय? नागपूर करार, विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेला. 28 सप्टेंबर 1953. लेखी, मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या सह्या. वर्षातून ठरावीक काळ सरकार नागपुरात राहीन, निदान एक अधिवेशन इथं होईन, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा भेटन. काय भेटलं? डिसेंबरात येतेत, हुरडा खातेत, संत्र्याच्या पेट्या गाडीत टाकतेत अन् चालले वापस. 2020 अन् 2021 ले तर तेही मुंबईतच उरकलं.

काळा कोट

तो राजकीय समझोता आहे, कोर्टात बजावता येत नाही. आणि ती दोन वर्षं कोरोनाची होती.

संत्र्याचं साल

हेच तर म्हणून राहिलो ना भाऊ. आमच्या वेळी समझोता, तुमच्या वेळी करार.

तासिका

रोजच्या करारांवर धागा होता, तो 1953 ला पोचला आणि मधे भिंती रंगवून झाल्या. छान.

एका शब्दाची किती रूपं बघा. पुण्यात कंत्राट, मराठवाड्यात गुत्ता, बाजाराच्या वसुलीचा मक्ता, विहीर खोदायचा ठेका, जमिनीचा खंड, घराचा इसार, शेतावर पाडव्याला ठरणारं सालगड्याचं साल. आणि माणसापुढे लागला की 'कंत्राटी'. मी तो. मास्तर आहे, वय 38, दरवेळी 11 महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. त्या एका दिवशी मी कुणाचाच नसतो. वहिनींचा भाऊ मुलगी दाखवायला आला तेव्हा पहिला प्रश्न, 'परमनंट ना?' 'कंत्राटी' म्हटल्यावर पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठला. लेखी आहे हो सगळं. शिक्का, जावक क्रमांक, सही. काळा कोट, तुमच्या 11 महिन्यांच्या अंधश्रद्धेने माझं लग्न मोडलं ते कुठल्या कलमात?

काळा कोट

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण तो खंड घालतात ते कागदाचं भय वाटतं म्हणूनच. सलग नोकरी दिसली तर उद्या तुम्ही हक्क सांगाल. म्हणजे कागदात दम आहे, हे तेही मानतात.

तासिका

वा. दम त्यांना, धाप मला.

एकच फ्लॅट

वकीलसाहेब, भोकांचं राहिलं. 22,000 कापले ते बरोबर की चूक?

काळा कोट

फी न घेता सांगतो. राहता राहता भिंत मळते, त्याचे पैसे मागणं अवघड. डार्टची भोकं ही हयगय, त्याचे मागता येतील. पण आधीचे फोटो लागतात आणि खर्चाची पावती लागते. पावती आहे?

एकच फ्लॅट

रंगारी ओळखीचा आहे. तोंडी ठरलं होतं.

पाचवं घर

मी फक्त मांजराची आठवण करून देतो.

एकच फ्लॅट

हसा. खडूस म्हणा. पुढच्या वेळी फोटो काढीन, झालं समाधान? पण त्या पोरांना भोकं बुजवून द्यायला कुठल्या कायद्याने अडवलं होतं?

गोदाकाठ

काका, याच्यात तुमचं बरोबर आहे. लिहून ठेवा, परत म्हणणार नाही.

कढीलिंब

इतका वाद झाल्यावर काल मावशींना तो मसुदा वाचून दाखवला. मला वाटलं हसतील. त्यांनी फरशीचं फडकं पिळून बादलीवर टाकलं, खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'परत वाचा, हळू.' मग म्हणाल्या, 'करा की असं. पण माझं पण लिहा. पाच तारखेच्या आत पगार. दरसाल पाडव्याला वाढ. तुम्ही गावाला गेलात तरी पैसे चालू. लिफ्ट बंद असली तर उशीर धरायचा नाही. आणि तुमची ती मोठी कढई रोज निघते, ती भांड्यांत धरलेली नव्हती.' अकरा वर्षं कढई मनात ठेवून होत्या!

वाढ मी गेली तीन वर्षं दिलेली नाही, तेही त्यांनीच सांगितलं. माझ्या लक्षात नव्हतं. तेव्हा हो, थोडं लिहिलेलं बरं असतं, घ्या. सद्गृहस्थांना मात्र हे कळवणार नाही. वहीच्या पानावर आठ ओळी झाल्यात, मावशींनी सही केली, मी केली, एक प्रत त्यांनी मोबाइलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवली. काळा कोट, 500 चा मुद्रांक लागेल का?

काळा कोट

वहीचं पान पुरे. फक्त कढईचा दर आकड्यात लिहा, नाहीतर दिवाळीत माझ्याकडे याल.

पाचवं घर

अकरा वर्षांच्या कढईची थकबाकी द्या आधी.

एकच फ्लॅट

आणि तिच्यातल्या हळदीच्या तेलाने भिंत पिवळी झाली असेल, ती कोण रंगवणार?