गोन्सालो तर वसईचेच!

कुणीतरी म्हटलंय की कॉलेजच्या किंवा विमानतळाच्या नावात 'सेंट' लागलं की ते नाव परक्याचंच. मला हे अजिबात पटत नाही. वसईत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज आहे आणि हे गोन्सालो जन्माने वसईचेच! फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती धर्मसंघाचे बंधू (ब्रदर) म्हणून जपानात होते. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी २५ जणांसोबत त्यांना क्रुसावर ठार मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आपल्या गावच्या माणसाचं नाव आपल्याच गावातल्या कॉलेजला, यात परकं काय?

विमानतळाचं म्हणाल तर अल्बेनियात तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या २०१६ ला संत झाल्या, नाव त्याआधीपासूनचं. मूळच्या अल्बेनियन घरातली लेक म्हणून दिलेलं.