कृष्णेतले शिंपले तपासायचे की नुसतं पाणी?

हरिपूरकर: माझं स्पष्ट मत, नदी बिघडतेय का ते कळायला माहुली, कराड, हरिपूर तिन्ही संगमांवर दर सीझनला शिंपले तपासायलाच पाहिजेत. लॅमेलिडेन्स जातीचा शिंपला फारसा हलत नाही, पाणी गाळूनच खातो, म्हणजे एरोमोनास हायड्रोफिलासारखे जिवाणू थेट अंगात. त्याच्याकडं अँटिबॉडीज नाहीत, त्याच्या रक्तातल्या हिमोसाइट पेशी जिवाणू गिळतात आणि मारायला सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं जहाल रूप, तयार करतात, पण ते त्याच्या स्वतःच्या पेशींनाही जाळतं, मग एसओडी एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि कॅटालेज हे दुसरं एन्झाइम त्याचं पाणी अन् ऑक्सिजन. ही एन्झाइम वाढलेली दिसली की आत काहीतरी बिघडलंय हे कळतं. पाण्याची बाटली फक्त त्या घटकेचं सांगते.

माहुलीवाली: नाही पटत दादा. एसओडी वाढलं ते जिवाणूमुळंच कशावरून? तांबं, कॅडमियम, कीटकनाशक, एप्रिल-मेचं तापलेलं पाणी, सगळ्यानंच वाढतं. अहो शिंपला उचलला की घट्ट मिटतो, आतला ऑक्सिजन संपत जातो, परत उघडला की एकदम आत येतो, त्यानंसुद्धा आकडा हलतो! आणि हे मोजायला कल्ले, पाचक ग्रंथी काढायची म्हणजे शिंपल्याचा जीव जाणार. वाळू उपशानं तळ खरवडल्यावर उरलेतच किती?

कराडचा पोरगा: अजून एक, शिंपल्यावर या सगळ्याचा मारा जास्त झाला की कॅटालेज उलटं खाली येतं. मग कमी आकडा म्हणजे ठणठणीत का मरणाच्या दारात? सोबत पेशींच्या चरबीचं नुकसान दाखवणारं एमडीए मोजलं नाही तर काहीच अर्थ नाही.

हरिपूरकर: एमडीएचं मान्य, घ्यायलाच पाहिजे. पण ताई, मारायची गरज नाही ओ, शिंपला मिटणाऱ्या स्नायूत सुई घालून थोडं हिमोलिंफ, म्हणजे त्याचं रक्त, काढता येतं, त्यातलंच थोडं जिवाणू वाढवायच्या प्लेटवर ठेवलं की जिवाणू आहेत का तेही कळतं. वाईच्या वरचे, उगमाकडचे शिंपले त्याच आठवड्यात घ्या, तसेच हाताळा, तुलना होते.

माहुलीवाली: तुलना होईल, पण नदी वाचेल का? शिंपल्याची अळी, ग्लोकिडियम, माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटूनच वाढते. मासे मेले की पुढची पिढी बंद, आणि म्हातारे शिंपले मात्र वर्षानुवर्षं जगत राहणार, त्यांचे एन्झाइम अगदी नॉर्मल! पैसा थोडाच असेल तर आधी लहान शिंपले सापडतात का ते बघा.

हरिपूरकर: लहान शिंपले दिसेनासे होईपर्यंत काही वर्षं गेलेली असतात. मला ते व्हायच्या आधी कळायला हवंय.