नेतृत्व शिकायला पंधरा लाखांचं फाउंडेशन इयर?

ऐरोली_सेक्टर८
मुलीला बारावी आर्ट्सला ५८ टक्के. दोन वर्षं दर रविवारी दिघ्याच्या वस्तीत अभ्यासिका चालवते, तिथंच डोक्यात किडा शिरला. आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर घेऊन बसलीये. विषय कम्युनिटी डेव्हलपमेंट अँड लीडरशिप. पदवी तीन वर्षांची, पण त्याआधी तयारीचं एक फाउंडेशन इयर, म्हणजे एकूण चार. पहिल्याच वर्षाची फी साडेतेरा हजार पौंड, आपले पंधरा-सोळा लाख. राहणं-खाणं वेगळं. एजंट म्हणतो, सीट जाईल. माझं म्हणणं सरळ आहे : वस्तीत काम करायला शिकायचंय ना, मग वस्ती इथं आहे. चुकत असेन तर समजवा.

खारे_शेंगदाणे
काका, बरोबर बोलताय. निर्मला निकेतनला बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी करू दे. १९५५ पासूनचं कॉलेज, आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, आणि रात्री जेवायला घरी. राहिली लीडरशिप. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील, त्यांनी कुठलं फाउंडेशन इयर केलं होतं? १९८४च्या जानेवारीत जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमीन मिळाली. नेता असा तयार होतो.

चेंदणी_कोळीवाडा
दि. बा. वकील होते हो. शिकूनच आले होते.

नौपाड्याची_माहेरवाशीण
लग्न होऊन मी इंग्लंडला आले आणि ३४व्या वर्षी असंच फाउंडेशन इयर केलं, म्हणून लिहिते. हे वर्ष मुळात कुणासाठी आहे ते बघा. शाळा अर्धवट सुटलेले, पोरं मोठी करून पुन्हा दप्तर उचललेले. माझ्या बाकावर रात्रपाळी करून येणारा सिक्युरिटी गार्ड होता, पुढच्या बाकावर तीन नातवंडांची आजी. इथल्या मुलांसाठी सरकारने २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या अशा वर्षाची फी ५,७६० पौंडांवर बांधलीये, वर कर्जही मिळतं. बाहेरून येणाऱ्याला ती मर्यादा लागू नाही. काका, तुमचं गणित इथंच फिसकटतं.

पण मला काय मिळालं तेही सांगते. आमच्या भागातल्या बंद पडलेल्या हॉलवर टिपण लिहायचं होतं. मी ठोकून दिलं, ‘रहिवाशांना तिथं जिम हवी आहे.’ बाईंनी ‘रहिवाशांना’खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, किती जणांना विचारलंस? मी तिघांना विचारलं होतं. तिघेही पुरुष, तिघेही बसस्टॉपवर भेटलेले. वर्षभर हेच, रेघ आणि प्रश्न. नौपाड्यात सतरा वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

तुर्भेवाला
ताई, आमच्याकडे बचत गटातल्या मावशा हे फुकट विचारतात. वस्तीत नवं शौचालय झालं, बॅनर, नारळ, भाषणं सगळं यथासांग. शेवटी मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, ‘रात्री चावी कुणापाशी?’ त्यांची सहीसुद्धा अंगठ्याची. मांडव गप्प. आज चावी त्यांच्याच कमरेला असते.

नौपाड्याची_माहेरवाशीण
वा! मग देखभाल समितीवर घेतलं का त्यांना?

तुर्भेवाला
नाही. समितीत तिघे आहेत, तिन्ही दुकानदार.

चेंदणी_कोळीवाडा
म्हणजे प्रश्न विचारता येणं एक आणि खुर्ची मिळवणं दुसरं. हे दुसरं शिकावं लागतं, मग इथं शिका नाहीतर तिथं. ‘आपलं’ आणि ‘बाहेरचं’ तर करूच नका. १९३६ला निघालेल्या टिसचे, म्हणजे टाटांच्या समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मिशनरी होते, मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाउस या वस्तीतल्या सेवाकेंद्राचं काम बघायचे.

खारे_शेंगदाणे
दादा, तो माणूस नागपाड्यात येऊन राहिला. पोरगी उलट दिशेने निघालीये! आणि पैशाचं कुणीच बोलत नाही. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तिकडे पदवीनंतर कामासाठी दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार. सामाजिक संस्थांमधले पगार आपल्याला माहीत आहेत. त्यात चार वर्षांचं कर्ज फेडणार कसं? आणि ते फेडायला शेवटी कॉर्पोरेटमध्येच जाणार असेल, तर वस्तीला काय मिळालं?

नौपाड्याची_माहेरवाशीण
या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही. मी इथली रहिवासी म्हणून शिकले, तेही नोकरी सांभाळून. तिच्या जागी असते तर आधी बीएसडब्ल्यू केलं असतं आणि एमएसाठी इकडे आले असते. इथं ते एका वर्षात होतं, शिष्यवृत्तीचे पर्यायही जास्त.

ऐरोली_सेक्टर८
धागा लेकीला वाचायला दिला. पैशाच्या हिशोबावरून पुढे गेली, तुर्भ्याच्या समितीवर थांबली. ‘बाबा, तिन्ही दुकानदार कसे काय?’ बीएसडब्ल्यूचा फॉर्म भरते म्हणाली, पण तिकडची ऑफर सोडणार नाही, हेही लगेच बजावलं. तुर्भेवाले, ती विचारतेय, रविवारी अभ्यासिका सुटल्यावर त्या मावशींना भेटायला आली तर चालेल का? एजंटचे आज चार फोन आले, मी उचलले नाहीत.

तुर्भेवाला
चारनंतर या. आधी पाण्याची वेळ असते.