मदत हवी आहे: गावरान अंडी धुतली की जास्तच खराब होताहेत

नमस्कार मंडळी. भोरजवळ आमच्या ६० गावरान कोंबड्या आहेत. रोज बारा-पंधरा अंडी निघतात, ती पुण्यातल्या ठरलेल्या घरी जातात. पावसाळ्यात अंड्यांना चिखल आणि शिट लागते. म्हणून बादलीत विहिरीचं गार पाणी, त्यात हळद नि कडुलिंबाचा पाला टाकून मी सकाळीच सगळी एकदम धुतो. दिसायला झकास! पण परवा एका ताईंनी फोटो पाठवला. ऑम्लेटसाठी तीन अंडी फोडली होती, त्याच वाटीत चौथं फोडलं तर पांढरं हिरवटलेलं. चारही फेकावी लागली.

उकळत्या पाण्यात बुडवायची नाहीत. ओव्याचं तेल चालेल का? की जंतू मारायला यूव्ही (अतिनील) दिव्याची पेटी करू?

प्रतिसाद १: आधी ती बादली बंद करा. अंड्यावर एक पातळ थर असतो, तो कवचाची हजारो छिद्रं बुजवतो. घासून धुतलंत की थर गेला. त्यात पाणी गार, म्हणजे कोमट अंडं आतून आकसतं आणि जंतूंसकट पाणी आत ओढून घेतं. हिरवट पांढरं हे बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं काम, पाण्यातूनच येतो तो. अमेरिकेत अंडी धुतात, पण निदान ३२ अंशांच्या पाण्यात, तेही अंड्यापेक्षा ११ अंशांनी गरम हवं. नंतर ७ अंशांच्या आत ठेवतात. हळदीनं फक्त कवच पिवळं होतं हो.

प्रतिसाद २: दिवा २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचाच हवा, नखं वाळवायचा नव्हे. उजेड पडेल तेवढ्याच भागातले जंतू मरतात; शिटेखालचे सुखरूप. अंडी फिरवावी लागतात, आणि पेटी उघडी असताना दिवा चालू नको, डोळे-कातडी भाजते. ओव्यातला थायमॉल जंतू मारतो खरा, पण वास अंड्यात उतरतो. आणि साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कधीकधी कवच तयार व्हायच्या आधीच आत असतो, त्याला वरून काहीही लावा, उपयोग नाही. गिऱ्हाइकाला बलक घट्ट होईस्तोवर शिजवायला सांगा.

धागाकर्ता: बादली बंद. कोंबड्या अंडी घालतात त्या खोक्यांत कोरडं तूस घातलंय, अंडी दिवसातून तीनदा उचलतो, मळकी घरी शिजवून खातो. पण दोन कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात नि सगळं घाण करतात.

प्रतिसाद १: तिन्हीसांजेला खोक्यांच्या तोंडावर गोणपाट टाका, उजाडताच काढा. आणि बसायला उंचावर दांडी बांधा.