करंट वाढवून भागणार नाही
'स्पॉट वेल्डिंगचा (पत्रे दाबून एका ठिपक्यावर विजेने वितळवून जोडण्याचा) करंट वाढवला की ॲल्युमिनियम स्टीलला धरेल', असं काही जण म्हणतात. नाही पटत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, स्टील १५०० च्या आसपास. वितळवायला गेलं की मध्ये लोह-ॲल्युमिनियमचा ठिसूळ थर जाड होतो आणि जोड कटकन सुटतो. अल्ट्रासॉनिक वेल्डिंगमध्ये, म्हणजे कंपनांनी जोडताना, वितळवायचंच नसतं. वरून दाब, २० किलोहर्ट्झची (सेकंदाला वीस हजार वेळा) आडवी थरथर. पत्रे घासतात, ऑक्साइडची साय फाटते, धातूला धातू भिडतो. काम सेकंद-दोन सेकंदांत. जास्त वेळ धरलंत तर मात्र इथेही तोच थर वाढतो, शिवाय थरथरणाऱ्या टूलचे दात मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात (कधी पत्राच टूलला चिकटून वर येतो!). गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) स्टीलचा पत्रा असेल तर जस्ताकडे बघा: जस्त-ॲल्युमिनियमचं मिश्रण ३८० अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतं.