मुक्त म्हणजे फुकट नव्हे, भाऊ

कोणीतरी म्हटलं की नेटवर फुकट मिळणारं लिनक्स (विंडोजसारखी, कॉम्प्युटर चालवणारी मुक्त प्रणाली) कॉम्प्युटरवर बसवून द्यायचे पैसे घेणं म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणं. मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजीत फ्री म्हणजे मुक्तही आणि फुकटही, असा घोळ आहे, पण आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द आहेत ना, मग गोंधळ कशाला?

अहो ज्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली त्या रिचर्ड स्टॉलमननीच १९८५ मध्ये इमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या टेप १५० डॉलरला विकल्या, आणि ज्याच्याकडे नेट होतं तो तेच एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या मशीनवरून फुकट उतरवून घेऊ शकत होता. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या २००७ च्या आवृत्ती ३ मध्ये तर सरळ लिहिलंय, कॉपीची हवी ती किंमत लावा, सपोर्ट आणि वॉरंटीचे वेगळे पैसे घ्या. अट काय, तर ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मिळालाच पाहिजे, आणि त्याने पुढे दहा जणांना वाटलं तर तुम्ही अडवायचं नाही. ही अट पाळत नाही त्याला खुशाल धरा.

मी नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांचे कॉम्प्युटर बघतो. मे महिन्याच्या उन्हात धरमपेठेतून गाडी काढून जायचं, प्रिंटर चालू करायचा, मराठी टायपिंग बसवून द्यायचं, मग रात्री फोन येतो की बिल निघत नाहीये, तेही बघायचं. पैसे याचे घेतो, आणि बिलावर 'सॉफ्टवेअर ० रुपये, सेवा इतके' असं वेगळं लिहून देतो. तसं सगळ्यांनीच लिहावं असं मला मनापासून वाटतं.