दुसऱ्या देशातल्या वर्गासोबत ऑनलाइन प्रकल्प: सुरुवात कुठून करावी?

खडूफळा
सातवीचा वर्ग, ३८ मुलं. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, बरं चालणारं इंटरनेट. परदेशातल्या एखाद्या वर्गाबरोबर सहा आठवड्यांचा विज्ञान किंवा भूगोलाचा प्रकल्प करायचा आहे. जोडीदार वर्ग कुठे शोधायचा, कोणती साधनं वापरायची आणि काय टाळायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

तारवाला
आधी एक खुलासा. या विषयावरच्या जुन्या याद्या अजून फिरताहेत, त्यांतलं बरंच बंद पडलंय. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, फ्लिपचं (मुलांचे छोटे व्हिडिओ गोळा करायचं साधन) स्वतंत्र अ‍ॅप २०२४ मध्ये गेलं आणि जॅमबोर्ड (गूगलचा ऑनलाइन फळा) २०२४ च्या अखेरीस. त्यामुळे कोणाचीही यादी घेताना आधी तारीख बघा.

जोडीदारासाठी आयअर्न (iEARN, देशोदेशीच्या शाळांचं जाळं) बघा. १९८८ साली न्यूयॉर्क आणि मॉस्कोकडच्या शाळा जोडण्यापासून ते सुरू झालं. तिथे नुसती ओळख करून देत नाहीत, चालू प्रकल्पांत सामील होता येतं, आणि पहिल्या खेपेला ते सोयीचं. ईट्विनिंग (शाळा जोडणारं युरोपीय व्यासपीठ, २००५ पासून) उत्तम आहे, पण ते युरोपातल्या आणि मोजक्या शेजारी देशांतल्या शाळांपुरतं. हवामान, माती, पाणी अशा मोजमापांत रस असेल तर ग्लोब (GLOBE, शाळांनी पर्यावरणाची मोजमापं करायचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम). मात्र त्यात तुमचा देश सहभागी असावा लागतो आणि शिक्षकाला मोजण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

पहिल्या पत्रात 'आम्हाला तुमच्याशी जोडून घ्यायला आवडेल' एवढंच लिहू नका. मुलांचं वय, विषय, किती आठवडे, दर आठवड्याला किती तास, कोणती भाषा, सुट्ट्या कधी हे सगळं पाच ओळींत द्या. जोडीदार हरवतात ते बहुतेक सुट्ट्या आणि परीक्षा आड आल्यामुळे. उत्तर आणि दक्षिण गोलार्धातली शालेय वर्षं जुळत नाहीत हे तर लोकांच्या लक्षातच येत नाही.

रातराणी
तारवाला यांना अनुमोदन, आणि त्यापुढचं: व्हिडिओ कॉल म्हणजे प्रकल्प नव्हे. नव्वद टक्के काम कॉलशिवाय व्हायला हवं. सामायिक स्प्रेडशीट, एक पॅडलेट भिंत (सगळ्यांना मजकूर-चित्रं लावता येणारा ऑनलाइन फळा), आठवड्याला एकदा दोन मिनिटांचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ. वेळेत आठ-दहा तासांचा फरक असेल तर याशिवाय दुसरा मार्गही नाही. कॉल दोनच ठेवा, ओळखीचा आणि शेवटचा. ओळखीच्या कॉलला 'आमचं ठिकाण ओळखा' हा खेळ चालतो. फक्त हो-नाही प्रश्न. मुलं नकाशा घेऊन आधी गोलार्ध, मग खंड, मग देश असं गाळत जातात.

वेळ ठरवताना यूटीसीत (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) लिहा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा फरक एका तासाने चुकतो आणि एक वर्ग रिकाम्या पडद्यासमोर बसतो. महिना अक्षरांत लिहा. ०५/०४ म्हणजे कोणाला पाच एप्रिल, कोणाला चार मे.

तारवाला
कॉलची तांत्रिक बाजू. एका खोलीत एकच उपकरण जोडलेलं हवं. दुसरा फोन त्याच कॉलमध्ये असला की एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. लॅपटॉपचा माइक मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मुलांना दोघादोघांनी पुढे बोलवा किंवा लांब वायरचा यूएसबी माइक घ्या. खिडकी मुलांच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरे काळे दिसतात.

झूमवर ग्रुप कॉलच्या ७२०पी व्हिडिओला साधारण २.६ एमबीपीएस इंटरनेट-वेग लागतो, नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा नाही. म्हणून अडखळायला लागलं की लगेच व्हिडिओ बंद करून आवाज चालू ठेवा. चित्रं आधीच पाठवून ठेवलेली असली की तास वाया जात नाही. चाचणी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळी घ्या. घरून चाललं म्हणजे शाळेच्या फायरवॉलमधून (नेटवर्कवर काही सेवा अडवणारी यंत्रणा) चालेलच असं नाही. फुकट झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे, तेवढा वेळ खरं तर पुरतो.

सावलीमोजे
प्रकल्प निवडताना एकच कसोटी: दुसऱ्या वर्गाच्या आकड्यांशिवाय आपलं उत्तर निघता कामा नये. 'आमचे सण, तुमचे सण' प्रकारात दोन्हीकडे पोस्टर बनतात आणि कोणी कोणाचं वाचत नाही.

सातवीला एरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची पद्धत फार छान जमते: दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा. दोन्ही वर्गांनी एकाच तारखेला १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची. घड्याळातले बारा विसरा. सावली सर्वांत आखूड होते ती वेळ हवी, म्हणून अंदाजे मध्यान्हाच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाशी खूण करायची. टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्धा अंश रुंद तबकडी आहे. पुसट भागाच्या मधोमध खूण करा.

एकीकडे ४० सेंमी सावली म्हणजे सूर्य डोक्यावरून २१.८ अंश कललेला, दुसरीकडे ७० सेंमी म्हणजे ३५ अंश. फरक १३.२. दोन ठिकाणांतलं उत्तर-दक्षिण अंतर १४६० किमी असेल तर ३६० ÷ १३.२ × १४६० = सुमारे ३९,८०० किमी, पृथ्वीचा परीघ. सातवीला त्रिकोणमिती नसते, तेव्हा काठी-सावलीचा त्रिकोण १:१० प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने मोजू द्या.

चुका इथे होतात:
– सावलीत १ सेंमीची चूक म्हणजे कोनात सुमारे अर्धा अंश आणि वरच्या उदाहरणात परिघात दीड हजार किमी. अंतर ३०० किमीच असतं तर हीच चूक १८ टक्क्यांवर जाते. जोडीदार निदान १० अक्षांश दूर हवा.
– अंतर तिरपं धरतात. फक्त उत्तर-दक्षिण धरायचं, तेही नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून. अक्षांशांतला फरक गुणिले १११ किमी केलंत तर उत्तर आधीच प्रश्नात घातलंत, कारण १११ हा आकडा परिघावरूनच येतो.
– एकाची सावली उत्तरेला आणि दुसऱ्याची दक्षिणेला पडत असेल तर कोनांची बेरीज करायची.

स्प्रेडशीटमध्ये एककासाठी वेगळा रकाना ठेवा. कोणीतरी इंचांत भरतंच.

रातराणी
मुलांच्या माहितीबद्दल कोणी लिहिलं नाही. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची परवानगी लागते. युरोपात मूळ मर्यादा १६ आहे, देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. म्हणून मुलांची खाती काढूच नका, सगळं शिक्षकाच्या खात्यावरून. नावापुढे आडनाव नको, कॉल रेकॉर्ड करायचा नाही, पॅडलेटवर 'मंजुरीनंतरच दिसेल' हा पर्याय चालू. वेटिंग रूम (शिक्षकाने आत घेईपर्यंत थांबायची सोय) सुरू ठेवा आणि लिंक शाळेच्या पानावर टाकू नका. दोन्हीकडच्या पालकांचे संमतीपत्र पहिल्या कॉलच्या आधी हातात हवेत.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. सावलीचा प्रकल्प पक्का. एक शंका: ठरलेल्या दिवशी एकीकडे ढग आले तर? दोन दिवसांनी मोजलेलं चालेल का?

सावलीमोजे
तारखेवर अवलंबून आहे. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य रोज साधारण ०.४ अंश सरकतो, दोन दिवसांत ०.८. तेव्हा नाही चालणार. २१ जून किंवा २१-२२ डिसेंबरच्या आसपास मात्र चार दिवस मागेपुढे झाले तरी फरक ०.१ अंशाच्या आतच राहतो. सुट्ट्या आड येत नसतील तर तोच आठवडा धरा. विषुवदिनालाच करायचं असेल तर दोघांनी ओळीने पाच दिवस मोजायचं आणि दोन्हीकडे ऊन मिळालेला दिवस घ्यायचा.